३०२ ची थिएटर रूम, बी विंग ग्रुपवर

नितीन ३०२: नमस्कार मंडळी, एक सांगायचं होतं. आदित्य कॅनडाला गेल्यापासून मागची बेडरूम रिकामीच आहे, तर दिवाळीच्या आत तिथे होम थिएटर करून टाकू म्हणतोय. खोली १४ बाय १२, उंची साडेनऊ. एका शोरूमवाल्यानं कोटेशन दिलंय, प्रोजेक्टर, ७.१.४ म्हणजे बारा स्पीकर, भिंतींना फोम, चार रिक्लायनर. महिनाभर ठोकाठोक होईल, सांभाळून घ्या

शैलाकाकू २०२: ठोकाठोकीचं काही नाही रे, नंतरचं काय? आमची झोपायची खोली बरोब्बर त्याच्याखाली आहे. नवरात्रात पलीकडच्या पार्टी प्लॉटवर गरबा असतो ना, तेव्हा गाणं कोणतं ते कळत नाही पण आमच्या कपाटाची काच रात्रभर थरथरते

नितीन ३०२: काकू चारी भिंतींना फोम लावणारे, बाहेर काही ऐकू येणार नाही म्हणाला तो

मिलिंद ५०१: फोमनं बाहेरचं काहीच थांबत नाही नितीन. फोम खोलीच्या आतला घुमारा कमी करतो, डायलॉग साफ ऐकू येतात, बस. आवाज अडवायला वजन लागतं आणि कुठे फट नको. अंड्याचे ट्रे चिकटवणारेही आहेत, त्यात फक्त धूळ बसते. काकूंनी काचेचं सांगितलं तेच खरं दुखणं, उंच पट्टीचा बारीक आवाज भिंत बराचसा अडवते पण बास, म्हणजे जाड धमधमणारा आवाज, स्लॅबमधून खाली उतरतो

पराग ३०३: आणि आपली मधली भिंत साडेचार इंची आहे बरं का 😀 तुमच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो

नितीन ३०२: मग खालची बेसमेंटची स्टोअर रूम मला भाड्यानं द्या, विषयच संपला

अरविंदकाका (सेक्रेटरी): बेसमेंट विसर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली तेव्हा पंप लावून गाळ कोणी काढला ते सगळ्यांना माहीत आहे. तिथे मी केरसुणीसुद्धा ठेवू देत नाही, तू ॲम्प्लिफायर ठेवणार?

हेमांगी ३०२: मलाही विचारा कुणीतरी, मी पण त्याच घरात राहते. आई दर उन्हाळ्यात पुण्याहून येते ती त्याच खोलीत असते, तिला काय रिक्लायनरवर झोपवू? आणि तो माणूस सगळी खोली काळी करायची म्हणतोय

मिलिंद ५०१: वहिनी बरोबर बोलतायत. हे बघ, सगळं एकदाच लिहितो, लांब होईल. १४ फुटांच्या खोलीत दोन रांगा विसर, रिक्लायनर उघडला की जवळजवळ साडेपाच फूट खातो आणि उंच पाठीचा असला तर मागून येणारा आवाज कानाआधी पाठीवरच आपटतो, त्यापेक्षा बुटक्या पाठीचा एक सोफा कम बेड घे, आईंचीही सोय होईल. सोफा मागच्या भिंतीला चिकटवायचा नाही, भिंतीशी बास फुगतो, तीन फूट सोड म्हणजे पडदा ११ फुटांवर येतो, तेवढ्या अंतराला १०० इंची पडदा छान बसतो. तो साधारण सव्वासात फूट रुंद असतो, १२ फुटी भिंतीवर दोन्ही बाजूंना सव्वादोन फुटांच्या वर उरतात, तिथे स्पीकर उभे राहतील. १२० इंची घेतलास तर स्पीकर कोपऱ्यात कोंबावे लागतील. आणि काळी सगळी खोली नको, पडद्याची भिंत आणि तिच्याजवळचं तीनचार फूट छत गडद मॅट कर, पांढऱ्या छतावरून उजेड परत पडद्यावर पडतो आणि चित्र फिकं पडतं. बाकी भिंती वहिनींना हव्या त्या, चकचकीत सोडून

हेमांगी ३०२: हे चालेल. पश्चिमेची खिडकी आहे, तिला जाड पडदे मीच शिवून घेईन, कापड बघून ठेवलंय

ओम ४०१: अंकल ७.१.४ कॅन्सल करू नका ना, ॲटमॉसशिवाय, डोक्यावरून आवाज आल्याशिवाय, काय मजा

मिलिंद ५०१: ॲटमॉस ५.१.२ मध्येही होतं रे. कानाच्या उंचीला पाच, एक सबवूफर म्हणजे बासची पेटी, छतात दोन. बारा पेट्या या खोलीत टांगायच्या म्हणजे प्रत्येक पेटी स्वस्तातली घ्यावी लागते. त्यापेक्षा पैसे सेंटर स्पीकरमध्ये घाल, बहुतेक डायलॉग तिथूनच येतात, आणि लोकांची तक्रार कायम एकच असते, मारामारी ऐकू येते पण बोलणं ऐकू येत नाही

नितीन ३०२: प्रोजेक्टर ४के आहे म्हणाला, उजेड ९००० ल्युमेन

मिलिंद ५०१: कागदावर "४के सपोर्ट" असेल तर तो ४के सिग्नल नुसता घेतो, दाखवतो १०८०पी किंवा त्याहूनही कमी. नेटिव्ह म्हणजे त्याचं स्वतःचं रिझोल्युशन किती आणि आन्सी ल्युमेन, म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं मोजलेला उजेड, किती हे लेखी माग, गप्प बसला की समज. आणि प्लास्टरच्या आधी भिंतीत दीड इंची पाइप टाकून आत पुढे केबल ओढायला ओढतार ठेव. प्रोजेक्टरपर्यंत केबल लांब जाते, ऑप्टिकल एचडीएमआय घे, तिला दिशा असते, उलटी ओढलीस तर चित्र येणार नाही

शैलाकाकू २०२: तुमचं इंच फूट झालं असेल तर माझ्या कपाटाकडे या

अरविंदकाका (सेक्रेटरी): नियम सांगतो. २००० सालच्या ध्वनी नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५

मिलिंद ५०१: काका ते आकडे ए वेटेड असतात, त्यात बास फार कमी धरला जातो, म्हणजे मीटर पास म्हणेल आणि काकूंची काच वाजतच राहील. खरं सांगायचं तर खाली शून्य आवाज होणार नाही, तसं कोणी म्हणत असेल तर थाप मारतोय. पण पुष्कळ कमी करता येतो. परागच्या बाजूला मूळ भिंतीला न टेकणारी वेगळी फ्रेम, आत रॉकवूल (दगडी लोकर), वर जिप्समचे दोन थर. आतलं पोकळ दार काढून भरीव, चारी कडांना रबर आणि खालची फट बंद, बरेच लोक भिंतीवर लाख घालतात आणि दाराखालून सगळं बाहेर सोडतात. सबवूफर मोठा घेऊ नकोस, लहान सील्ड, म्हणजे भोक नसलेली पेटी, खाली जाड रबरी पॅड. शिवाय १४ फूट लांबीत ४० हर्ट्झच्या आसपास खोली स्वतःच घुमते, त्यामुळे सबची जागा डोळ्यांनी ठरवायची नाही. सब सोफ्याच्या जागी ठेवायचा, बासचं गाणं लावायचं आणि भिंतीच्या कडेनं रांगत जायचं, जिथे बास एकसारखा वाटेल तिथे सब

पराग ३०३: नितीन रांगताना व्हिडिओ टाका 😂

नितीन ३०२: मिलिंद तुझा सब आणतोस का, काही फोडायच्या आधीच वाजवून बघू. काकू तुम्ही खाली बसा आणि फोनवर सांगा. आणि १० नंतर सब बंद, ॲम्पला नाईट मोड असतो तो लावेन, हे लिहून देतो

शैलाकाकू २०२: रविवारी या. सकाळी ११ नंतर, त्याआधी माझी पूजा असते. आणि वाजवा ते पूर्ण आवाजात वाजवा, मला दाखवण्यापुरतं हळू नको

मिलिंद ५०१: आणतो. नितीन तोवर त्याला ॲडव्हान्स देऊ नकोस

अरविंदकाका (सेक्रेटरी): जिप्समची शीट ६ बाय ४ असते, लिफ्टमध्ये घालायची नाही, जिन्यानं न्यायची. काम ९ ते १ आणि ४ ते ७, राबिट, तोडफोडीचा कचरा, स्वतः टेम्पो करून उचलायचं. डिपॉझिट ऑफिसात भरल्याशिवाय मिस्त्रीला गेटवर सोडणार नाही, वॉचमनला सांगून ठेवलंय