जुनी जर्मन गाडी: सांभाळावी की वेळेत विकावी?

जुनंतेसोनं
"जुनी जर्मन गाडी म्हणजे पांढरा हत्ती" हे परवा पुन्हा ऐकलं. मला अजिबात पटत नाही. किमतीतली मोठी घसरण पहिल्या काही वर्षांतच होते आणि ती पहिला मालक सोसतो. आपण घेतो तेव्हा तो टप्पा मागे पडलेला असतो. मर्सिडीज डब्ल्यू१२३ बघा. १९७६ मध्ये आली, दशकभर बनली, जवळपास २७ लाख गाड्या निघाल्या. तरी नीट ठेवलेली आजही भाव खाते.

हिशेबी
नेहमीच्या सेडानचं बोला. गाडीचा भाव पडतो, पार्टचा पडत नाही. माझ्याकडे सहा सिलिंडरची जर्मन सेडान होती. एका सकाळी बॉनेटमधून गोडसर वास आला. बघतो तर कूलंटच्या प्लास्टिक टाकीला, जोडावर, केसाएवढी चीर. टाकी बदलली. दोन महिन्यांनी रेडिएटरचा पाइप गेला, मग वॉटर पंप. वर्षभरातल्या बिलांची बेरीज गाडीच्या बाजारभावापुढे गेली. विकताना त्यातला एक पैसा कुणी भावात धरला नाही.

ग्रीजचेहात
एकेक पार्ट फुटायची वाट बघितली तर असंच होणार. टाकी, पाइप, थर्मोस्टॅट, पंप सगळं एकदम बदलून टाकायचं असतं.

आणि बॅज बघून गाडी घेऊ नका, इंजिन बघून घ्या. बीएमडब्ल्यूच्या एन४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेत ठेवणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिथवर हात पोचवायलाच मजुरी किती लागेल बघा. पोर्श ९११ च्या ९९६ मालिकेचा भाव वर्षानुवर्षं दबून राहिला, त्यात आयएमएस बेअरिंगच्या (इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते गेलं तर इंजिनच जाऊ शकतं) धास्तीचा मोठा वाटा. ते बदलल्याचं बिल हातात असेल तर गिऱ्हाइकाशी बोलणंच वेगळं होतं. म्हणून म्हणतो, फाइल जपा. नव्वदीच्या पूर्वार्धातली मर्सिडीज डब्ल्यू१२४ बघायला गेलात तर इंजिनाची वायर हलकेच वाकवून पाहा. आवरण वाळक्या पानासारखं चुरलं तर हार्नेसचे, म्हणजे वायरांच्या अख्ख्या जुडग्याचे, पैसे किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.

हिशेबी
हे सगळं धरल्यावर गाडी स्वस्त कुठे राहिली?

जुनंतेसोनं
नव्या गाडीची घसरणही धरा की! तिचं बिल येत नाही म्हणून ती खर्चात मोजायची नाही का? आणि धीर धरला तर फळ मिळतं. जर्मनीत ३० वर्षं झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीच्या नंबरच्या शेवटी 'एच' लागतो आणि कर ठोक होतो.

हिशेबी
तिथवर पोचणार कशी? डब्ल्यू१२३ च्या डिझेल इंजिनाचा यांत्रिक इंधन पंप चांगला कारागीर उघडून दुरुस्त करतो. २००५ नंतरच्या गाडीचं कंट्रोल युनिट (इलेक्ट्रॉनिक मेंदू) गेलं की दुसरं नुसतं बसवून भागत नाही, त्या गाडीसाठी कोडिंग करावं लागतं. त्या काळातली गाडी घेणाऱ्याला डब्ल्यू१२३ चा दाखला देऊ नका, तो बिचारा फसेल.