कालोचा 'ब्रेडाचा वेढा': नकाशा की चित्र?

पेन्सिलपुसट:
मंडळी, बावळट प्रश्न असेल तर माफ करा. जाक कालो या छापचित्रकाराचं १६२८ चं, नेदरलँड्समधल्या ब्रेडा शहराच्या वेढ्याचं प्रिंट झूम करून बघत बसलोय, सहा प्लेट्स जोडून केलेलं. खाली सैनिक, घोडे अगदी समोर उभे असल्यासारखे, पण नजर वर नेली की जमीनच उभी राहते आणि शहर, खंदक थेट नकाशासारखे दिसतात. तटबंदीच्या जुन्या पुस्तकांतही तेच, लांबची भिंत जवळच्या भिंतीएवढीच. पर्स्पेक्टिव्ह तर तेव्हा छान येत होतं ना? मग चुकलं कुठं?

खंदकातला:
चुकलं नाही हो, मुद्दाम टाळलंय. पर्स्पेक्टिव्हमधे लांबचं लहान होतं, म्हणजे कागदावर माप घेता येत नाही. किल्ला बांधणाऱ्याला तर मापच पाहिजे, म्हणून समांतर रेषा समांतरच ठेवायच्या, स्केल लावलं की भिंतीची लांबी हातात. आणि तोफा आल्यावर सगळा खेळच कोनांचा झाला. जर्मन चित्रकार ड्युररच्या तटबंदीवरच्या १५२७ च्या पुस्तकात बुरूज गोलच आहेत, पण गोल बुरजाच्या अगदी तोंडाशी एक जागा उरते जिथं शेजारच्या बुरजाचा मारा पोचत नाही, शत्रू तिथं निवांत सुरुंग लावणार! टोकदार बुरजाला ती जागाच राहत नाही. १५९३ ला व्हेनिसवाल्यांनी पाल्मानोव्हा वसवलं ते बघा, नऊ टोकांची चांदणी. ती भूमिती आधी कागदावरच पक्की करावी लागते.

आम्लपित्त:
वरचं सगळं बरोबर, पण कालोला निव्वळ नकाशेवाला करू नका राव. ऑर्डर होती स्पेनची राजकन्या इसाबेलाची, स्पॅनिश नेदरलँड्सचा कारभार तिच्याकडे, १६२५ ला शहर तिच्या सैन्याला शरण आलेलं, म्हणजे हा विजयाचा कागद आहे. वेढ्यातले वेगवेगळ्या वेळचे प्रसंग त्यानं एकाच जमिनीवर बसवलेत, असं कुठलं खरं दृश्य असतंय? आणि ते एचिंग आहे, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर व्हार्निश लावायचं, सुईनं ओरखडून चित्र काढायचं, मग उघडी पडलेली रेघ ॲसिड खातं. साधं मेणट व्हार्निश सोडून तो वाद्यं बनवणाऱ्यांचं कडक व्हार्निश वापरायचा, त्यामुळं ॲसिड भलतीकडं शिरत नाही आणि मुंगीएवढा सैनिकही स्वच्छ उमटतो. सुईचं टोकही तिरकं घासलेलं, हात वळवला की रेघ जाड-बारीक होते.

पेन्सिलपुसट:
अच्छा, म्हणजे खालचा भाग बघायला आणि वरचा मोजायला. आता परत झूम केलं तर दोन्हीचा सांधा नेमका कुठंय तेच सापडेना, बेमालूम जोडलंय बेट्यानं.

आम्लपित्त:
मधल्या टेकाडांपाशी शोधा, माणसं कुठं ठिपके व्हायला लागतात ते बघत वर जा.