धाराशिवची लेणी आणि तुळजापूर रोडची भुतं, एका फिल्ममध्ये कशी आणू?

रातपाळी:
मी सोलापूरचा. पंधरा-वीस मिनिटांची प्रायोगिक फिल्म करतोय, संवाद नाहीत, पात्रं नाहीत, अर्धी धाराशिवच्या लेण्यांत आणि अर्धी आपल्या तुळजापूर रोडवर रात्रीची. लहानपणी मामाच्या ट्रकमध्ये बसायचो, घाट लागला की मामा टेप बंद करायचा आणि घाट चढेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, ते अजून डोक्यातून जात नाही. पांढऱ्या साडीतली बाई मला दाखवायचीच नाहीये. मग भूत दाखवायचं कसं? आणि लेणी नि रोड जोडू कशाने?

किन्नर:
वडील ट्रकवर होते माझे. पहाटे तीन-चारला डोळे उघडे असतात पण मेंदू झोपलेला असतो, तेव्हा रस्त्यात माणूस उभा दिसतो, खरंच दिसतो, खोटं बोलत नाहीत ड्रायव्हर लोकं. माझा चुलतभाऊ कोजागरीला चालत तुळजापूरला निघालेला, मागून गाडीने उडवलं, कुठली गाडी ते आजपर्यंत कळलं नाही. आता रोड रुंद झालाय, जागा ओळखू पण येत नाही. पण काकू एसटीच्या खिडकीतून बरोब्बर तिथंच हात जोडते. तो हात दाखव भाऊ.

तेरची लेक:
दादा, कनकामर या जैन मुनींचं अपभ्रंश नावाच्या जुन्या भाषेतलं काव्य आहे, करकंडचरिउ, ते वाचाच. करकंड राजा आमच्या तेर गावाजवळच्या लेण्यात येतो, पार्श्वनाथांच्या मूर्तीपाशी त्याला दगडात एक गाठ दिसते, ती फोडायला लावतो आणि पाण्याचा लोंढा फुटून लेणं भरून जातं. अभ्यासक ते लेणं म्हणजे धाराशिवचंच मानतात. अनेकांच्या मते लेणी आधी बौद्ध, मग जैन, म्हणजे एकाच दगडात दोन काळ राहतायत. रोडचंही तसंच की, जुन्या रस्त्यावर नवा. जोडायचं तर पाण्याने जोडा. शूटिंगची परवानगी मात्र आधी काढा, संरक्षित स्मारक आहे.

काळा पडदा:
रोडकडेची एखादी खोली बघ, दार-खिडक्या काळ्या प्लास्टिकने गच्च बंद कर, रोडच्या बाजूला वाटाण्याएवढं भोक पाड. दुपारच्या कडक उन्हात रोड उलटा होऊन समोरच्या भिंतीवर पडतो, कॅमेऱ्यातली करामत नाही काही. खोलीच लेणं होते मग.

रातपाळी:
आज मामाच्या गोठ्यात करून बघितलं. डोळे सरावायला दहा मिनिटं गेली, मग भिंतीवर गाड्या दिसायला लागल्या, चाकं वर करून, आवाज मात्र बाहेरून सरळ येत होता. मामा शेजारी बसलेला. पूर्ण वेळ एक शब्द बोलला नाही.