मफलर लोकरीचा घ्यावा की अ‍ॅक्रिलिकचा?

प्रश्न (निफाडकर): इकडे पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटल्यात. वडिलांचा मफलर टोकाला चार बोटं उसवलाय, म्हणून नवा घ्यायचा म्हणतोय. सातवीतली लेक बजावते, "लोकरीचाच आणा, अ‍ॅक्रिलिक म्हणजे खनिज तेल!" लोकरीमुळे हवेत जाणारा कार्बन खरंच कमी असतो का?

रवंथ: लेक अर्धी बरोबर. अ‍ॅक्रिलिक ज्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून बनतं, ते प्रॉपिलिन आणि अमोनियापासून होतं. म्हणजे मूळ तेल नि गॅसच. पण मेंढी ढेकर देते त्यात मिथेन असतो, 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास 27 पट तापवणारा. त्यामुळे किलोला किलो मोजलं तर लोकरीचा कार्बन बऱ्याचदा जास्तच भरतो. मेंढी मांसही देते, तेव्हा यातलं किती मांसाच्या नावावर टाकायचं, हा वाद वेगळाच. अ‍ॅक्रिलिकचे तंतू मात्र प्रत्येक धुण्यात सुटून पाण्यात जातात.

घोंगडीवाला: आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला झकास, गळ्याला टोचते. मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर बहुतेक ऑस्ट्रेलियाची. नवाच हवा असेल तर पानिपतच्या धाग्याचा बघा. तिथे जुने स्वेटर फाडून पुन्हा सूत काततात, नवी मेंढी लागत नाही.

आक्का: अहो, चार बोटांसाठी नवा कशाला? सुटलेले टाके क्रोशाच्या सुईवर घ्या, वर एक ओळ विणा. अर्ध्या तासाचं काम.

निफाडकर: आक्का, आईने काल केलं. लोकर लाल निघाली, मफलर तपकिरी. वडील तेच टोक बाहेर काढून फिरतायत.