भास्कर चंदावरकर ऐकायला कुठून सुरुवात करू?

सदाशिवपेठी: चंदावरकर म्हणजे 'घाशीराम कोतवाल' नाटकाचं संगीत, एवढंच माहीत होतं, आता कळतंय की ते मुळात सतारवादक, रविशंकरांचे शिष्य! एकच माणूस सतार, नाटक, सिनेमा सगळीकडे कसा काय वावरला?

कोथरूडकर: अहो शिवाय इथे पुण्यातच लॉ कॉलेज रोडला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. त्यांचं संगीत असलेला 'सामना' सिनेमा (१९७५) ऐका, त्यातलं 'कुणाच्या खांद्यावर' हे गाणं अजूनही अंगावर येतं.

तालवेडा: माझ्या मते आधी घाशीरामच (१९७२). कीर्तन, लावणी सगळं एकात, आणि ती ब्राह्मणांची डुलणारी रांग गाता गाताच पडदा होते, म्हणजे संगीत नुसतं मागे वाजत नाही, तेच नाटक पुढे रेटतं. प्रयोगाचं रेकॉर्डिंग मिळालं तर अजिबात सोडू नका.

सदाशिवपेठी: आज रात्रीच शोधतो, थँक्यू!