तारखा घेण्यापुरतीच वकिली?

तालुका कोर्टात ज्युनिअर वकील मुलींना पुढची तारीख मागणारे मुदतीचे अर्ज द्यायला उभं करतात आणि उलटतपास सिनिअर स्वतःकडे ठेवतात, ही तक्रार खरीच. पण त्यावर ‘आत्मविश्वास वाढवा’ हा सल्ला पोकळ आहे. फाइल पाठ असली की तो आपसूक येतो.

कोकणात त्यासाठी जमिनीच्या वाटपाचा दावा सिनिअरकडून मागून घ्या. सातबारावर वीस-पंचवीस नावं, निम्मे हिस्सेदार मुंबईत. जुने फेरफार, म्हणजे सातबारावरची नावं बदलल्याच्या नोंदी, काढून वंशावळ करा. लग्न होऊन गेलेल्या मुली आणि मयतांचे वारस सुटलेत का बघा. एक सहहिस्सेदार राहिला तरी आवश्यक पक्षकार जोडला नाही म्हणून दावा अडतो. दावा चालू असताना कोणी वारलं तर वारस रेकॉर्डवर आणायला 90 दिवस. ते चुकले तर त्या पक्षकारापुरता दावा संपुष्टात, आणि ते रद्द करून घ्यायला पुढचे 60. माणूस जातो विरारला, गावात कळतं गणपतीत, म्हणून हे फार घडतं. वंशावळ जिच्या हातची, तिलाच साक्षीदाराला काय विचारायचं ते सुचतं. मग प्रश्न लिहूनच सिनिअरकडे जा आणि आधी तलाठ्यासारखा, नुसत्या नोंदी शाबित करणारा औपचारिक साक्षीदार मागा. घरच्या साक्षीदारावर सुरुवात नको, तो भावनेत वाहवतो.

वकीलपत्रावर स्वतःचं नाव आणि सही असू द्या. न्यायाधीशपदाच्या परीक्षेला आता 3 वर्षांची वकिली लागते, तेव्हा अनुभव दाखवायला हे कागदही कामाला येतात.

18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची हायकोर्टातली प्रकरणं मुंबई हायकोर्टाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात. हायकोर्टातल्या वकिलाला अपिलाचं ब्रीफिंग द्यायला, म्हणजे प्रकरण समजावून सांगायला, स्वतः जाणं त्यामुळे सोपं झालंय. रायगडकरांना मात्र मुंबईच.