‘लहानपणापासून भीती वाटते’ हे इंग्रजीत कसं लिहायचं?

प्रश्न
‘मला लहानपणापासून पाण्याची भीती वाटते आणि तीन वर्षांपासून आईच्या तब्येतीची काळजी लागून राहिली आहे’ हे इंग्रजी पत्रात लिहायचंय. ‘आय अ‍ॅम फिअरिंग वॉटर सिन्स चाइल्डहुड’ चालेल का? वाचायला विचित्र वाटतं.

प्रतिसाद १
नाही चालणार. मराठीत ‘पासून’ आलं तरी क्रियापद ‘वाटते’ असं साधंच राहतं. इंग्रजीत मात्र तेव्हा सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला ‘हॅव’ लागतोच. शिवाय ‘फिअर’ ही मनाची स्थिती, तिला आयएनजी सहसा लावत नाहीत. म्हणून: ‘आय हॅव बीन अफ्रेड ऑफ वॉटर सिन्स चाइल्डहुड.’

‘वरी’ला आयएनजी छान शोभतो: ‘आय हॅव बीन वरीइंग अबाउट माय मदर्स हेल्थ फॉर थ्री इयर्स.’ दिवसरात्र मनात घोळणारी काळजी त्यातून बरोबर पोचते. इथे ‘सिन्स थ्री इयर्स’ हमखास लिहिलं जातं, ते टाळा. मुदत असेल तर फॉर, सुरुवात कधी झाली ते सांगायचं असेल तर सिन्स. आणि ‘आय वॉज वरीड फॉर थ्री इयर्स’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल काळजी मिटली!

प्रतिसाद २
अफ्रेडपुढचा शब्दही सांभाळा. ‘अफ्रेड ऑफ फॉलिंग’ म्हणजे पडेन की काय ही धास्ती. ‘अफ्रेड टू क्लाइंब’ म्हणजे भीतीपोटी चढायचं धाडसच होत नाही. तसंच ‘अँक्शस अबाउट’ म्हणजे चिंता, पण ‘अँक्शस टू’ बहुतेकदा उत्सुकता दाखवतो.

प्रश्नकर्ता
आभार! आणि सतत धाकधूक असते, त्याला? ‘आय हॅव टेन्शन’ लिहू?

प्रतिसाद १
नको. मराठीतलं ‘टेन्शन’ इंग्रजीत तसंच उतरत नाही, त्या वाक्यातून तुमची काळजी कळणारच नाही. मनाला सारखी टोचणी असेल तर ‘अ नॅगिंग वरी’. पुढे येणाऱ्या गोष्टीने पोटात गोळा येत असेल तर ‘ड्रेड’: ‘फॉर इयर्स आय हॅव ड्रेडेड लेट-नाइट फोन कॉल्स.’ ‘फोबिया’ हा डॉक्टरी शब्द, साध्या भीतीला वापरू नका. पाण्याबद्दल नाम हवं असेल तर ‘अ लाइफलाँग फिअर ऑफ वॉटर’ पुरेसं आहे, त्याला ‘व्हेरी’ वगैरे जोडायची गरज नाही.